प्लास्टिकचं घुबड: पाचपैकी दीड तारा

दीड तारा देते आहे. त्यातला एक कुरिअरच्या मुलाचा. लिफ्ट बंद होती, तरी चौथ्या मजल्यापर्यंत खोकं घेऊन आला आणि पाणीसुद्धा नको म्हणाला. उरलेला अर्धा घुबडाचा. तो का, ते पुढे येईल.

वस्तू अशी: कबुतरं पळवण्यासाठी प्लास्टिकचं घुबड. किंमत ७४९ रुपये, घरपोच. उंची साधारण सोळा इंच. बुडाला रबरी बूच आहे, ते काढून आत वाळू भरायची, म्हणजे वाऱ्याने आडवं होत नाही. डोळे पिवळे, चकाकणारे. मान स्प्रिंगवर बसवलेली. खोक्यावर लिहिलं होतं की मान ३६० अंशांत फिरते. खऱ्या घुबडाची जेमतेम २७० अंशांपर्यंत फिरते, म्हणजे निदान या एका बाबतीत माल अस्सलापेक्षा सरस. वापरलं ते मुलुंड पश्चिमेला, आमच्या बाल्कनीत, ऑक्टोबरपासून जूनपर्यंत. एवढे दिवस वापरून कोणी रिव्ह्यू लिहीत नाही, पण मी बँकेतून निवृत्त झाले आहे, मला वेळ आहे.

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरवर. खोटी नोट ओळखणं हे रोजचंच काम. ती आधी बोटांना कळते, मग कानाला, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांना. हे मुद्दाम सांगते आहे, कारण या घुबडाची सगळी भानगड त्यातच आहे.

कबुतरांबद्दल मुंबईकरांना वेगळं काय सांगणार? ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले. मी कुठल्या तटात होते ते खरेदीवरून कळलंच असेल. आमच्या ह्यांना दम्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी विष्ठेपासून लांब राहा म्हणून बजावलं होतं, आणि एसीच्या बाहेरच्या खोक्यामागे तर वर्षभर बाळंतघर चालू असायचं.

घुबड उघडून कठड्यावर ठेवलं आणि पहिला आक्षेप घरातूनच आला. सासूबाईंनी हातातली जपमाळ थांबवली. "अगं, दारात घुबड बसलं तर लोक शांत करतात. तू पैसे देऊन आणलंस?"

"आई, प्लास्टिकचं आहे."

"ते तुला ठाऊक. कबुतरांना कोण सांगणार?" एवढं बोलून त्या पुन्हा जपाला लागल्या. कबुतरांना कोणी सांगायची गरज पडली नाही हे त्यांचं त्यांना आठवडाभरात दिसलं.

पहिला दिवस झकास गेला. एकही कबुतर फिरकलं नाही. मी ग्रुपवर फोटो टाकला, अंगठे आले, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिंक मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आले कावळे. आधी एक, मग सात-आठ. समोरच्या वर्षावृक्षावरून झेप घ्यायची, घुबडाच्या डोक्याला पंख घासून जायचं, कोकलायचं, की दुसरा तयारच. दिवसाढवळ्या घुबड दिसलं की कावळे असाच घेराव घालतात. रात्री ज्याची भीती, त्याला दिवसा सगळ्यांनी मिळून हाकलून द्यायचं, असा त्यांचा हिशेब. दोन दिवस आमच्या बाल्कनीत राडा चालला होता. त्या दोन दिवसांतही कबुतरं आली नाहीत, पण त्याचं श्रेय कावळ्यांचं. चौथ्या दिवशी एका कावळ्याने घुबडाचा उजवा डोळा उचकटून नेला, आणि त्यानंतर एकही परत आला नाही. त्यांचा निकाल लागला होता.

सहाव्या दिवशी एक कबुतर कठड्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसलं. मान तिरकी करून बघत होतं. कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, जवळजवळ चहूबाजूचं त्याला एकदम दिसतं, पण नीट तपासायचं असलं की ते मान अशी कलती करतं. मी काउंटरवर नोट उजेडात धरायचे ना, अगदी तसं. आठव्या दिवशी ते घुबडाच्या डोक्यावर बसलं. वस्तू परत करायची मुदत सात दिवसांची होती.

आता दोष नेमका कुठे, ते सांगते. कारण "फालतू आहे, घेऊ नका" एवढंच लिहिणारे पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट, हे घुबड आपल्याकडचं नाहीच. डोक्यावर दोन शिंगांसारखे तुरे, पिवळे डोळे: ते अमेरिकेतलं शिंगवालं घुबड, तिकडे तोच साचा चालतो, आणि तोच इथे आला. (ते तुरे म्हणजे कान नव्हेत, नुसती पिसं. कान पिसांखाली दडलेले असतात.) मुलुंडच्या कबुतराच्या सात पिढ्यांत कोणी ते पाहिलेलं नाही. आपल्या इमारतींत राहतं ते गव्हाणी घुबड. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, काळे डोळे, आणि ते येतं उंदरांसाठी. कबुतर जागं असतं तेव्हा ते झोपलेलं असतं.

हे मला पुस्तकातून नाही, गच्चीवरून कळलं. फेब्रुवारीत आमचे वॉचमन काका वर आले. म्हणाले, "वहिनी, टाकीच्या खोलीत कोणीतरी फुसफुसतंय. साप असेल काय?" साप नव्हता. गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं होती, कापसाच्या बोळ्यांना चोच लावल्यासारखी, भूक लागली की अशी फुसफुसायची. खाली सगळीकडे काळे, चकचकीत, अंगठ्याएवढे गोळे पडले होते. घुबड उंदीर सहसा आख्खाच गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांचा गोळा करून ते ओकून टाकतं. माझा भाचा दहावीत आहे, त्याने दोन गोळे कोमट पाण्यात भिजवून, टूथपिकने सोडवून वर्तमानपत्रावर मांडले. तीन कवट्या निघाल्या. दोन उंदरांच्या, पुढचे दात नारिंगी. एक लांबट, दात पांढरे, सुयांसारखे. ती चिचुंदरी. मांजर चिचुंदरी मारतं पण तिच्या वासाने तोंड लावत नाही. घुबडाला त्याचं काही नाही. कबुतराचं एक पीसही त्या गोळ्यांत नव्हतं. मग दिवसा कठड्यावर बसलेल्या घुबडाला कबुतराने का भ्यावं?

दोन संध्याकाळी मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन गच्चीवर बसले. अंधार पडल्यावर जोडीतलं एक बाहेर पडलं. माझ्या डोक्यावरून, हात वर केला असता तर लागला असता इतक्या जवळून गेलं, आणि आवाज काहीच नाही. कबुतर उडताना टाळ्या पिटल्यासारखा आवाज होतो. इथे पांढरा रुमाल हवेतून सरकला, बस. पंखाच्या पुढच्या कडेला बारीक फणीसारखे दात असतात, मागची कड झिरमिळ्यांची, आणि पिसांवर मखमलीसारखी लव. त्यामुळे हवा कापली जाते ती गुपचूप. याचा दुहेरी फायदा. उंदराला घुबड ऐकू येत नाही, आणि घुबडाला स्वतःच्या पंखांच्या आवाजातून वाट काढत उंदीर ऐकावा लागत नाही. तो बदामी चेहरा म्हणजे आवाज गोळा करणारी परात. शिवाय त्याचे दोन कान एका उंचीवर नसतात, एक थोडा वर, एक खाली. आवाज कुठल्या कानाला आधी लागला यावरून डावं-उजवं, आणि कुठल्या कानाला मोठा लागला यावरून वर-खाली. मिट्ट काळोखात, नुसत्या खुडबुडीवर ते उंदीर उचलू शकतं.

महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक असतात, बॅटरी आणि काठी घेऊन फिरणारे. माहेरी लालबागला लहानपणी मी त्यांना पाहिलंय. बॅटरीचा झोत डोळ्यांवर पडला की उंदीर क्षणभर थिजतो, आणि काठी त्या क्षणात बसते. रात्रीला तीस उंदरांचं माप असायचं म्हणतात. घुबडाला बॅटरी लागत नाही, आणि मापही त्याचं त्याचं: घरात पिल्लं किती, त्यावर.

आमच्या सोसायटीत गटारांच्या झाकणांपाशी उंदरांसाठी निळ्या वड्या टाकतात. मी सभेत विषय काढला. त्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस गुंगल्यासारखा फिरतो. असा उंदीर घुबडाला आयताच सापडतो, आणि विष घुबडाच्या पोटात जातं. बराच वाद झाला. पिल्लं उडेपर्यंत वड्या बंद, पिंजरे चालू, एवढ्यावर मिटलं. सेक्रेटरींनी मला तेव्हापासून "घुबडवाल्या मॅडम" केलं आहे.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. घुबडाचं सोंग कोणाचंही असू दे, ते काही करतच नाही. बसून राहतं. हे मला शिक्र्याने दाखवलं.

जानेवारीतली गोष्ट. सकाळचे साडेदहा, वाल सोलत बसले होते. समोरचा वर्षावृक्ष एरवी मासळी बाजार असतो: साळुंक्या, बुलबुल, खारी. एकाएकी खारीने चिर्रचिर्र लावलं, मग दयाळाने कर्कश सूर काढला, आणि मग सगळं चिडीचूप. इतकी शांतता की खालच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ ऐकू यायला लागला. मी ह्यांची दुर्बीण आणली. दहा मिनिटं काही दिसेना. मग खोडाला चिकटून, फांदीच्या बेचक्यात एक राखाडी पक्षी दिसला, कबुतराएवढा, छातीवर विटकरी आडव्या रेघा, डोळे लालसर. शिक्रा. तो हलत नव्हता. पण ते हलणं नव्हतं तरी माझ्या घुबडासारखं बसणंही नव्हतं. कसं सांगू? रांगेतला एखादा माणूस नुसता उभा असतो आणि एखादा खिसा कापायला उभा असतो. काउंटरमागून दोघांतला फरक कळतो.

आणि मग निघाला. वरून झेप वगैरे काही नाही. फांदीवरून खाली पडल्यासारखा सुटला, जमिनीलगत कंपाउंडच्या भिंतीआडून गेला, भिंत संपली तिथे एकदम वर उसळला आणि जास्वंदीच्या झुडपातून बुलबुल घेऊन बाहेर आला. तीन सेकंदही लागले नसतील. शिक्र्याचे पंख आखूड आणि गोलसर, शेपूट लांब. लांब पल्ल्याला ते कामाचे नाहीत, पण फांद्यांमधून, तारांमधून, उभ्या गाड्यांमधून वळायला असंच शरीर हवं. एकदा लपणं फसलं की तो फारसा पाठलाग करत नाही. दुसऱ्या फांदीवर जाऊन बसतो. सगळी मदार पहिल्या झटक्यावर.

पाण्याच्या टाकीच्या कडेवर त्याने भक्ष्य दाबून धरलं, दोन्ही पंख पसरून वर छत्री केली, कोणी पाहू नये म्हणून. पंजा आवळायचा, सैल करायचा, पुन्हा आवळायचा. शिक्रा मारतो तो पंज्याने. ससाण्याची तऱ्हा वेगळी, त्याच्या चोचीच्या कडेला एक खाच असते, तो मानेचे मणके चोचीने तोडतो. मग पिसं उपटायला सुरुवात झाली. एकेक पीस तरंगत खाली येत होतं आणि खाली शाळेच्या रिक्षेची वाट पाहणाऱ्या दोन मुली ती झेलत होत्या. वाल सोलायचे राहिले ते राहिलेच. सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या, मला कळलंच नाही. म्हणाल्या, "याचं पोट भरलं बाई." घुबड अशुभ आणि शिक्र्याचं मात्र पोट भरलं!

तर, त्या सकाळी आमच्या बाल्कनीत तीन तास कबुतर नव्हतं. एरवी शिक्रा कबुतराच्या वाटेला फारसा जात नाही. सरडे, पाली, चिमण्या, खारीची पिल्लं हा त्याचा आहार, कबुतर त्याला जड पडतं. तरीही. झाडावरच्या बोंबा कबुतरांना कळतात.

खोट्या शिकाऱ्याला कोणीच फसत नाही असं मात्र समजू नका. मेअखेरीस पावशा आला. तोच, "पेरते व्हा" करून रात्री-अपरात्री डोकं उठवणारा. पहिल्यांदा उडत आला तेव्हा मी स्वतः "शिक्रा, शिक्रा" म्हणून ओरडले. राखाडी पाठ, छातीवर तसाच विटकरी रंग, शेपटीवर पट्टे, चार वेळा पंख मारून तरंगायची तीच ढब, आणि फांदीवर बसतानाही तसाच वर उसळून बसतो. साळुंक्यांनी आकाशपाताळ एक केलं. सातभाई झुडपात घुसले. आणि हा पठ्ठ्या खातो काय, तर सुरवंट! सातभाईंच्या घरट्यात अंडी घालायची असतात, त्यासाठी हे सोंग. याला म्हणतात बनावट नोट. कागद, शाई, खळखळ, सगळं जमलेलं. माझ्या ७४९ रुपयांच्या मालात फक्त छपाई होती.

इतर मालाबद्दल थोडक्यात. चकचकीत फिती: पंधरा दिवस, मग पावसाळी हवेत मळतात. जुन्या सीड्या: समोरच्या वन-बीएचकेवाल्यांच्या डोळ्यांवर कवडसे गेले, ते भांडायला आले. ससाण्याच्या आकाराचा पतंग, लवचीक काठीवर बसवायचा: घुबडापेक्षा बरा, कारण हलतो. पण आमच्याकडे वारा संध्याकाळी असतो आणि कबुतरं सकाळी. शिवाय दुसऱ्याच आठवड्यात तो वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साडीत अडकला. ससाण्याच्या आवाजाचं यंत्रही मिळतं. ते मी घेतलं नाही. शिकारीला निघालेला पक्षी ओरडत जात नाही एवढं आता मला कळतं. बिबट्याचा पुतळा अजून कोणी विकत नाही हे नशीब, नाहीतर इथे नॅशनल पार्कच्या कडेला तो कुत्र्यांसाठी खपला असता.

भाचा म्हणतो, मावशी, खरा पक्षीच भाड्याने आणायचा. विम्बल्डनच्या टेनिस मैदानावर रूफस नावाचा हॅरिस हॉक कबुतरं पळवायला फिरवतात, त्याचे व्हिडिओ त्याने दाखवले. रूफसला पुन्हा पुन्हा तिथे नेऊन उडवावं लागतं, एकदा दाखवून भागत नाही. आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिक्रा, ससाणा, घुबड पाळायला बंदी आहे, त्यामुळे तो विषयच नाही. आणि घारींचं म्हणाल तर दिवसभर डोक्यावर शंभर फिरतात. कबुतर मान वर करून बघतसुद्धा नाही. घार मासळीचे तुकडे, मेलेली घूस, फार तर कोंबडीचं पिल्लू उचलणारी. तिच्या पायात धडधाकट कबुतर धरायचं बळ नाही, आणि कबुतराला ते ठाऊक आहे.

एक दिवस मात्र खरा मालक आला. डिसेंबरात, घुबड एकाक्ष होऊन दोन महिने झाले असतील. महामार्गाकडच्या उंच टॉवरच्या माथ्यावर बहिरी ससाणा बसलेला भाच्याने ओळखला. थंडीत येतात ते, आणि आपले टॉवर त्यांना कड्यासारखेच. कबुतरंही मुळात कड्याकपारींतली, म्हणजे दोघांचं वैर जुनंच. दुपारी कबुतरांचा थवा उडाला तो एकदम आवळला गेला, मुठीत धरल्यासारखा, आणि डावीकडे-उजवीकडे फिरायला लागला. थवा असा घट्ट असला की शिकाऱ्याला एकावर नजर ठरवता येत नाही. जे एक मागे राहिलं, तेच त्याला हवं होतं. ससाणा पंख मिटून खाली सुटला. असा सुटला की त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. मला दिसली ती एक काळी रेघ आणि मग हवेत पिसांचा ढग. टप्प असा आवाज मागाहून आला. तसंच वळून त्याने कबुतर हवेतच धरलं आणि टॉवरकडे गेला.

दोन दिवस आमच्या बाल्कनीत चिटपाखरू नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी घुबडाच्या डोक्यावर नेहमीचं कबुतर हजर.

शेवटी जाळी लावली. माणूस येऊन माप घेऊन गेला, ३,२०० रुपये घेतले, दोन तासांत काम झालं. लावणार असाल तर ताणून लावा, सैल जाळीत मुनिया आणि चिमण्या अडकतात, आणि मांजरांपासून शिक्र्यापर्यंत सगळ्यांना अडकलेलं सावज लगेच दिसतं. घुबड जाळीच्या आत, कुंड्यांमध्ये ठेवलंय. बूच हरवलं म्हणून बुडाला भोक आहे, तिथे एक पाल राहायला आली आहे. दिवा लावला की ती बाहेर येते, भिंतीवर थिजून बसते, पतंग जवळ आला की एकच झडप. सासूबाई जप करता करता तिच्याकडे बघत असतात, चुकचुकली तर "सत्य" म्हणतात. अर्धा तारा या भाडेकरूमुळे.

विक्रेत्याचा मेसेज आलाय: फोटोसह रिव्ह्यू टाका, पुढच्या खरेदीवर ५० रुपये सूट. फोटो जोडला आहे. उजवा डोळा का नाही असं खाली कोणी विचारू नये, वर लिहिलंय.